घोडा वारंवार मरत असल्यास काय तपासावे: ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या व्हिडिओ गेममधील एका नेहमीच्या तक्रारीचे निवारण

‘मामा, पुन्हा गेला की हो घोडा!’ परभणीहून भाच्याचा असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. इकडे नांदेडला मी हातातले काम बाजूला ठेवून त्याला ठरलेले तीन प्रश्न विचारतो: घोडा कशाने गेला, कुठे गेला, आणि त्या क्षणी तुझी नजर पडद्यावर नेमकी कुठे होती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तो लगेच देतो. तिसऱ्या प्रश्नाला मात्र थोडा वेळ शांतता असते, आणि बहुतेक वेळा दोष त्या शांततेतच सापडतो.

ही तक्रार त्याच्या एकट्याची नाही. मी स्वतः हा खेळ पहिल्यांदा खेळलो तेव्हा तिसरे प्रकरण सुरू होईपर्यंत पाच घोडे गमावले होते. चौथा घोडा गेल्यावर मी एका जुन्या वहीत प्रत्येक मृत्यूची नोंद करू लागलो. त्या नोंदी पुढे वाचल्या तेव्हा शत्रूच्या गोळीने मेलेले घोडे माझ्या समजुतीपेक्षा बरेच कमी निघाले. बाकीचे घोडे मी चुकीच्या वेळी खोगिरावर बसून राहिल्यामुळे किंवा उतरल्यावर त्यांना चुकीच्या जागी उभे ठेवल्यामुळे गेले होते. खाली जे लिहिले आहे ते त्या वहीच्या आधारे लिहिले आहे.

आधी समस्या नेमकी काय आहे ते पाहू. हा खेळ ऑक्टोबर २०१८ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये संगणकावर. आर्थर मॉर्गन या नायकाची १८९९ सालची कथा ज्यात खेळली जाते, त्या कथेच्या खेळात घोडा मेला की तो कायमचा मेला. आपले खोगीर ज्याच्या पाठीवर आहे तो आपला मुख्य घोडा असतो, आणि त्याच्याशी जडलेल्या ओळखीच्या चार पायऱ्या असतात. पायरी वाढेल तसा त्याचा जीव आणि दम वाढतो, तो अधिक दुरून शिटी ऐकतो आणि कमी बिचकतो. चौथ्या पायरीवरचा घोडा मेला तर या सगळ्यावर पाणी पडते आणि नव्या घोड्याबरोबर पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. ऑनलाइन खेळात घोडा असा कायमचा जात नाही, म्हणून पुढील सर्व विवेचन कथेच्या खेळापुरते समजावे.

घोडा कोसळला की तो पडला आहे की मेला आहे हे आधी ओळखावे, कारण नवखा खेळाडू येथेच घाई करतो. गंभीर जखमी होऊन पडलेला घोडा काही काळ जिवंत असतो. तो मान उचलण्याचा प्रयत्न करतो, पाय झाडतो, आणि जवळ गेल्यावर त्याला औषध देण्याचा पर्याय पडद्यावर येतो. हे औषध म्हणजे ‘हॉर्स रिव्हायव्हर’. ते तबेल्यात विकत मिळते आणि ते झोळीत असेल तरच तो पर्याय उपयोगी पडतो. भाच्याचे पहिले तीन घोडे केवळ या एका बाटलीअभावी गेले, आणि त्या तिन्ही वेळी खोगिरामागे हरणाची कातडी मात्र लादलेली होती. खेळातल्या व्हॅलेंटाइन या गावच्या तबेल्यात पहिल्यांदा पाऊल टाकाल त्याच दिवशी दोन बाटल्या घ्याव्यात, आणि एक वापरली की पुढच्या गावात दुसरी घेतल्याशिवाय त्या गावाबाहेर पडू नये. ट्रेनची थेट धडक किंवा उंच कड्यावरून खोल दरीत पडणे अशा प्रसंगी मात्र ही मुदत बहुधा मिळतच नाही. तिथे घोडा जागीच मरतो आणि झोळीत दहा बाटल्या असल्या तरी त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून या दोन प्रकारांवर आधीच उपाय करणे भाग आहे.

पडलेल्या घोड्याकडे धावताना आणखी एक चूक होते. गोळीबार सुरू असतानाच खेळाडू औषध द्यायला वाकतो, घोडा उठतो, आणि त्याच ठिकाणी उभा राहून पुन्हा गोळ्या खातो. सर्वांत जवळचा शत्रू आधी टिपावा, मग औषध द्यावे, आणि घोडा उठताक्षणी त्याला तिथून पळण्याची आज्ञा द्यावी. या आज्ञेविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

माझ्या वहीत सर्वांत जास्त नोंदी झाड, खडक आणि कुंपण यांच्या आहेत. कारण सरळ आहे. नकाशावर ठिकाण ठरवले की कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर तांबडी रेघ उमटते आणि खेळाडूची नजर त्या रेघेला चिकटते. घोडा चौखूर उधळलेला असतो, समोर झाड येते, आणि घोडा व स्वार दोघेही जमिनीवर येतात. अशी एक टक्कर घोडा सहन करतो. पण तीच चूक चार-पाच वेळा झाली आणि मध्ये त्याला खायला मिळाले नाही, तर पुढच्या किरकोळ पडण्यातही तो उठत नाही. उपाय असा की रस्त्यावर भरधाव जावे, रस्ता सोडून रानात शिरताच दुडकीवर यावे, आणि वळण घेण्यापूर्वीच लगाम खेचावा. रेघेकडे पाहायचेच असेल तर घोडा थांबवून पाहावे.

वेगाच्या बटणाबाबत एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बहुतेक जण ते बटण दारावर थापा मारल्यासारखे दाबत सुटतात आणि त्यामुळे घोड्याचा दम भराभर संपतो. टापांच्या आवाजाकडे कान देऊन त्या लयीत बटण दाबले तर तोच वेग कमी दमात टिकतो. माझा हात त्या लयीत बसायला दोन संध्याकाळी लागल्या. नंतर तो आपोआप पडू लागला. दम पूर्ण संपल्यावरही टाच मारत राहिलात तर घोडा स्वाराला फेकून देतो, आणि हे नेमके बाउंटी हंटर, म्हणजे बक्षिसासाठी गुन्हेगार पकडणारे, मागे लागलेले असताना घडते.

सिनेमासारखा दिसणारा कॅमेरा लावून घोडा आपोआप रस्त्याने चालू देण्याची सोय या खेळात आहे, आणि ती सुंदर आहे यात वाद नाही. पण ती चालू ठेवून चहा आणायला उठू नये. समोरून बैलगाडी येते, लुटारू आडवे येतात, लांडगे निघतात, आणि आपण स्वयंपाकघरात साखर शोधत असतो.

ट्रेनने माझे दोन घोडे नेले. पहिला घोडा बार्ड्स क्रॉसिंग या उंच पुलावर गेला, आणि त्याची चूक माझी होती हे मला मान्य आहे. डकोटा नदी ओलांडायला लांबचा रस्ता नको म्हणून मी रुळांवरून निघालो. पुलाच्या मध्यावर मागून शिटी ऐकू आली, आणि तिथे डावीकडे किंवा उजवीकडे जायला हातभरही जागा नव्हती. दुसऱ्या वेळी मी पुलावरही नव्हतो. रुळांजवळ उतरून कोल्ह्याचे कातडे काढत होतो आणि घोडा माझ्यामागे रुळांच्या मधोमध येऊन उभा राहिला होता. कातडे काढण्याचे ते काही क्षण खेळाडूचे लक्ष पूर्णपणे हातांकडे असते, आणि घोडा सोडलेल्या जागीच उभा राहील अशी आपली समजूत असते. ती समजूत सोडावी. उतरण्यापूर्वी खाली रूळ आहेत का ते पाहावे. असतील तर घोडा निदान वीस पावले पलीकडे नेऊन मग उतरावे, आणि रेल्वेच्या पुलावरून घोड्यावर बसून कधीही जाऊ नये. नदी फार वळसा घालून ओलांडावी लागत असेल तरी तो वळसा स्वस्त पडतो. पोहत नेण्याच्या मोहातही पडू नये, कारण खोल पाण्यात घोड्याचा दम झपाट्याने उतरतो.

आता गोळीबाराचा भाग. घोड्यावर बसून लढण्यात रुबाब आहे, पण घोड्याचे अंग स्वारापेक्षा मोठे असल्यामुळे स्वाराला मारलेली गोळी बहुधा घोड्यालाच लागते. म्हणून लढाई सुरू होणार असे दिसताच उतरावे. उतरण्याआधी मात्र एक काम विसरू नये, आणि हे काम न केल्यामुळे भाच्याचे एक पूर्ण मिशन वाया गेले: बंदुका खोगिरावरून काढून घ्याव्यात. या खेळात रायफल आणि शॉटगन घोड्याच्या खोगिरात राहतात. पडद्यावर उघडणाऱ्या शस्त्रांच्या चक्रातून त्या स्वतः निवडून घेतल्या नाहीत तर आर्थर फक्त कमरेच्या पिस्तुलांसह खाली उतरतो, आणि मग रायफलसाठी घोड्याला शिटी मारून पुन्हा गोळीबारात बोलवावे लागते. घोडा मरण्याचा हा सर्वांत वाईट प्रकार आहे, कारण तो आपल्या बोलावण्यावरून आलेला असतो.

शस्त्रे हाती आली की घोड्यावर लक्ष केंद्रित करून पडद्यावर येणाऱ्या पर्यायांतून ‘फ्ली’ निवडावे, म्हणजे घोडा दूर निघून जातो. लढाई संपल्यावर शिटी मारावी. संगणकावर त्यासाठी ‘एच’ ही कळ आहे, आणि कंट्रोलरवर दिशांच्या बटणांतले वरचे. शिटी ऐकू येईल एवढ्या अंतरात घोडा असला पाहिजे, आणि हे अंतर ओळखीच्या पायरीवर ठरते. पहिल्या पायरीवरचा घोडा दूर पाठवला तर तो न आल्यास चालत जाऊन शोधावा लागतो. मला ही शिक्षा मान्य आहे, कारण चालणे फुकट आहे.

श्वापदांचा विषय थोडा वेगळा आहे, कारण तिथे घोडा स्वतःच आपल्याला वेळेवर सावध करत असतो आणि आपण ऐकत नाही. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार मराठवाड्याबाहेरही प्रसिद्ध आहे. लहानपणी वडिलांबरोबर तिथे हिंडताना, घोडा घेताना दात पाहतात आणि बसल्यावर कान पाहतात, असे बोलणे कानावर पडले होते. खेळातही तेच लागू पडते. झाडीत लांडगा, अस्वल किंवा कूगर (अमेरिकेतले मोठे रानमांजर) असेल तर आपल्याला काही दिसण्यापूर्वीच घोडा खिंकाळतो, मान झटकतो आणि पुढे जायला कुरकुर करतो. त्या क्षणी खेळाडू चिडून टाच मारतो. टाच मारण्याऐवजी त्याला थोपटावे (कंट्रोलरवर डावी काडी, म्हणजे स्टिक, दाबून ते होते), तोंड आल्या वाटेकडे वळवावे आणि त्या झाडीला लांबून वळसा घालावा. साप आडवा आला तर घोडा दोन पायांवर उभा राहतो आणि न थोपटल्यास आपल्याला फेकून पळून जातो. अशा वेळी त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही, कारण पळालेला घोडा निदान जिवंत असतो. दक्षिणेकडील बायू न्वा या दलदलीत मगरी आहेत. तिथे पाण्याच्या कडेने घोडा चालवू नये आणि पाण्याजवळ उतरून त्याला मागे सोडू नये.

इथे पांढऱ्या अरबी घोड्याचे नाव घ्यावेच लागेल. उत्तरेकडील अम्बारिनोच्या बर्फाळ डोंगरांत लेक इझाबेला नावाचे तळे आहे, आणि दुसऱ्या प्रकरणापासूनच तिथे हा घोडा रानटी अवस्थेत सापडतो. हळूहळू चालत जवळ जावे, तो बिचकला की थांबून त्याला शांत करावे, मग फास टाकून त्याच्यावर बसावे, अशी ती पद्धत आहे. घोडा देखणा आणि चपळ आहे, पण तितकाच भित्राही आहे. त्या थंड प्रदेशात लांडगे असतात, आणि नवख्या खेळाडूकडे त्या वेळी ना पुरेशी शस्त्रे असतात ना औषध. कित्येक जण इतक्या खटपटीने मिळवलेला हा घोडा गावापर्यंत आणण्याआधीच गमावतात. माझे मत असे की आधी कोणताही साधा घोडा घेऊन प्रकरण पुढे न्यावे, झोळीत दोन बाटल्या ठेवाव्यात, आणि मगच तिकडे जावे. अरबी हाती आला की त्याच्यावर आपले खोगीर घालावे, थेट व्हॅलेंटाइनच्या तबेल्यात नेऊन नोंदवावा, आणि वाटेत कितीही चांगले हरीण दिसले तरी थांबू नये. ज्यांना सतत गोळीबाराची मिशने खेळायची आहेत त्यांनी युद्धासाठी जोपासलेल्या जातींचा घोडा वापरावा. आर्डेन किंवा हंगेरियन हाफब्रेड हे घोडे धावण्यात मागे पडले तरी आवाजाला आणि श्वापदाला कमी घाबरतात. अरबी तोपर्यंत तबेल्यात सुरक्षित असतो.

निगा हा विषय लोक कंटाळवाणा समजतात, पण पुन्हापुन्हा मरणाऱ्या घोड्यांपैकी काही घोडे मुळात अशक्त झालेले असतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात घोड्याची दोन चिन्हे असतात, एक जीवाचे आणि एक दमाचे. प्रत्येक चिन्हाभोवतीचे कडे ही हाताशी असलेली शक्ती, आणि आतले चिन्ह म्हणजे त्या शक्तीचा साठा, ज्याला खेळात कोअर म्हणतात. कडे संपले की साठा खर्च होऊ लागतो. साठा कमी असेल तर कडे पुन्हा भरायला फार वेळ लागतो. म्हणजे कडे पूर्ण दिसते म्हणून निर्धास्त राहिलात आणि आतले चिन्ह रिकामे असेल, तर पहिल्या धडकेनंतर ते कडे पुन्हा भरतच नाही. म्हणून मुक्कामाच्या ठिकाणाहून निघताना आतली दोन्ही चिन्हे पाहावीत, गवत, गाजर किंवा सफरचंद चारावे, आणि घोडा चिखलाने माखला असेल तर खरारा करावा. चारण्याने आणि खराऱ्याने ओळखही वाढते, त्यामुळे हा वेळ वाया जात नाही. खोगीर बदलण्याची ऐपत आली की तेही बदलावे, कारण चांगल्या खोगिराने साठा हळू संपतो. रिकिबीचा फायदा मुख्यतः वेगाला होतो. सुरक्षितता हवी असेल तर पैसे आधी खोगिरावर घालावेत.

आता सेव्हविषयी, म्हणजे खेळ जिथवर आला तिथे जतन करून ठेवण्याविषयी, कारण सगळी काळजी घेऊनही घोडा जाणारच नाही असे नाही. घोडा मेला आणि झोळीत औषध नसेल, तर पुढे एक पाऊलही टाकू नये. लगेच पॉज मेनू उघडावा आणि ‘स्टोरी’ या भागातून मागील सेव्ह लोड करावा. पुढे चालत राहिलात, तंबूत झोपलात किंवा मिशन संपवले, तर खेळ आपोआप सेव्ह (ऑटोसेव्ह) करतो आणि मेलेला घोडाच त्यात नोंदला जातो. म्हणून ऑटोसेव्हच्या भरवशावर न राहता गावातून निघताना आणि प्रत्येक मिशन संपल्यावर स्वतः सेव्ह करण्याची सवय लावावी, आणि एकाच जागेवर न करता दोन-तीन जागा आलटून पालटून वापराव्यात. मिशन सुरू असताना स्वतः सेव्ह करता येत नाही, त्यामुळे मिशनच्या आधीचा सेव्ह महत्त्वाचा. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज जाण्याची वेळ सांगता येत नाही आणि माझा इन्व्हर्टर संगणकाला पुरत नाही, म्हणून ही सवय मला घोड्यांच्या आधीच लागली होती.

जुना सेव्ह नसेल तर निदान खोगीर वाचवावे. मेलेल्या घोड्याजवळ जाऊन ते उतरवता येते. ते खांद्यावर घेऊन जवळच्या रस्त्यापर्यंत चालावे, आणि मिळेल त्या घोड्यावर घालावे. खोगीर घातले की तो आपला मुख्य घोडा होतो.

इतके सारे तपासूनही घोडा मरतच असेल तर मी भाच्याला एक प्रयोग करायला लावला होता, तो करून पाहावा. एक पूर्ण संध्याकाळ कोणतेही मिशन घेऊ नये. व्हॅलेंटाइनहून सेंट डेनिस या शहरापर्यंत रस्त्याने जावे, पोहोचेपर्यंत छोट्या नकाशाकडे पाहू नये, आणि वाटेतल्या पाट्या व रूळ बघत चालावे. जिथे शंका येईल तिथे उतरावे. भाचा पहिल्या वेळी दोनदा वाट चुकला आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर लागला, पण घोडा सेंट डेनिसच्या तबेल्यापर्यंत चालत गेला. त्यानंतरचे त्याचे फोन घोड्याविषयी कमी आणि पैशांविषयी जास्त असतात.

शेवटी एका प्रसंगाविषयी, कथा न फोडता. कथेच्या उत्तरार्धात एक जागा अशी आहे जिथे आपण ज्या घोड्यावर बसून जातो तो घोडा कथेनुसारच मरतो. ती आपली चूक नसते. औषध चालत नाही आणि जुना सेव्ह लोड केला तरी फरक पडत नाही. तिथे पडद्यावर घोड्याजवळ थांबण्याचा पर्याय येतो. तो घ्यावा.